माधवरावांच्या नावावरचे दोन फटाके

फणीबाबूंचा फोन ऑफिसात आला तेव्हा सकाळचं टपाल अजून माझ्या टेबलावर यायचं होतं. एस्प्लनेडजवळच्या आमच्या सरकारी कचेरीत मजल्याला एकच फोन आहे, तोही साहेबांच्या खोलीत. साहेबांकडे पाठ करून मी ऐकलं. "सोहोनीबाबू पहाटे गेले," फणीबाबू बंगालीत म्हणाले. "तुम्ही या. तुमच्या रीतीचं आम्हाला काही ठाऊक नाही." मी बरं म्हणालो, फोन ठेवला, रजेचा अर्ज लिहिला आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की, मला बातमीपेक्षा ते नाव जास्त टोचतं आहे... सोहोनीबाबू. फणीबाबू आणि माधवराव सोहोनी एका गल्लीत वाढले, एका शाळेत गेले, एकाच तळ्यात गटांगळ्या खात पोहायला शिकले. चाळिशी उलटेपर्यंत फणीबाबू त्यांना 'माधो' म्हणत आणि एकेरीत बोलत. लहान माणसं 'माधोदा' म्हणत. गल्लीनं हे नाव एका सकाळी काढून घेतलं आणि पुन्हा दिलं नाही. त्यामागची खरी गोष्ट माधवराव, माझी पत्नी सुशीला, आमच्या मुली आणि मी, इतक्यांनाच माहीत होती.

माधवरावांचे वडील रेल्वेतल्या नोकरीमुळे कलकत्त्याला आले आणि सियालदहजवळच्या त्या गल्लीत राहिले. माधवराव तिथेच जन्मले. शाळेत ड्रॉइंग शिकवत. लग्न केलं नाही. मराठी ते आमच्यासारखंच बोलत, पण घाईत असले की क्रियापद गिळत आणि हिशेब मनातल्या मनात बंगालीत करत. दुर्गापूजेच्या मंडपातला मागचा पडदा दरवर्षी तेच रंगवायचे. एका वर्षी त्यांनी कैलास पर्वत रंगवला तो माथ्याला सपाट, अगदी आपल्याकडच्या किल्ल्यांसारखा. सह्याद्री त्यांनी आयुष्यात एकदाच, गाडीच्या खिडकीतून पाहिलेला. फणीबाबू पूजा समितीचे चिटणीस. ते म्हणाले, "माधो, अरे महादेव बसणार कुठे, तू तर वर मैदान केलंयस." "बसायलाच तर केलंय," माधवराव म्हणाले, "तुमच्या टोकदार डोंगरावर तो इतकी वर्षं कसा बसला ते विचार." तो सपाट कैलास मग तीन-चार वर्षं टिकला, लोकांनी तोच मागितला.

मी लढाईच्या काळात बदली होऊन इथे आलो. हिशेबतपासणीचं खातं, दोन लहान मुली, आणि घर मिळत नव्हतं. मराठी मंडळात माधवरावांची ओळख झाली आणि त्यांनी आपल्या घरमालकाला गळ घालून खालचा मजला आम्हाला मिळवून दिला. ते वर, आम्ही खाली, मधे चौक. सुशीलेला ते वहिनी म्हणत आणि सणावारी जेवायला आमच्याकडे असत. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मी चौकात पहिला फटाका वाजवायचो. पुण्यात आमच्या आळीत पहिला आवाज कुणाचा यावर चढाओढ असे. इथे चढाओढीला कुणीच नव्हतं. बंगाली माणूस फटाके उडवतो ते कालीपूजेच्या रात्री, तेव्हा आमचा पहाटेचा आवाज अख्ख्या गल्लीला झोपेतून उठवायचा. त्याला ते 'मराठी घड्याळ' म्हणत. "जोगबाबू," फणीबाबू मला म्हणायचे, "आमचा सण सुरू व्हायच्या आत तुमचा संपलेला असतो, मग दिवसभर करता काय?"

गल्लीच्या तोंडाशी रेशनचं दुकान होतं आणि त्याच्या समोर एका कापडव्यापाऱ्याचं गुदाम. गुदामाच्या गच्चीवर रात्रपाळीला एक दरवान असे. लढाईवरून परत आलेला, अबोल, खांद्याला दुनळी बंदूक. येणाऱ्या-जाणाऱ्याला मान लववायचा. त्याच्याविषयी कुणाला यापेक्षा जास्त काही सांगता आलं नाही, पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हाही नाही. स्वातंत्र्य मिळून फार दिवस झालेले नव्हते, श्रावणातली एक पहाट होती आणि रेशनची रांग लागलेली होती. कलकत्त्यात रांगेत विटा ठेवायची पद्धत आहे. अंधारातच जाऊन आपल्या जागी एक वीट ठेवायची, तिच्यावर खडूनं खूण करायची आणि दुकान उघडायच्या सुमाराला जाऊन विटेच्या जागी आपण उभं राहायचं. मागचा-पुढचा माणूस विटेचा मान राखतो, भांडण होत नाही. त्या पहाटे रांगेत काही माणसं होती आणि काही विटा. माझी वीट होती. मी घरी चहा पीत होतो. दोन आवाज आले, मग जरा थांबून दोन, मग पुन्हा दोन. मला वाटलं, गुदामात पेट्या उतरवताहेत.

दरवानानं गच्चीवरून रांगेवर गोळ्या झाडल्या. नळ्या रिकाम्या झाल्या की तो पुन्हा भरत होता, घाई न करता, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. मग बंदूक कठड्याला टेकवून तो खाली बसला आणि पोलीस येईपर्यंत बसून राहिला. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मी गेलो तेव्हा सगळं संपलं होतं. माधवराव रांगेत होते, ते विटेवर कधी विसंबत नसत. त्यांनी शेजारच्या बीणाच्या नवऱ्याला ओढत एका दाराच्या आडोशाला आणलं होतं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ते बसले होते. तो गेलेला होता. बीणा त्याच्या पायाशी बसली होती, तिच्या हातात दोघांच्या पिशव्या होत्या. मेलेल्यांना आणि जखमींना नेल्यावर रस्त्यावर विटा तेवढ्या राहिल्या, आपापल्या जागी, मधे मधे माणसांएवढी अंतरं सोडून. त्या कित्येक दिवस कुणी उचलल्या नाहीत.

त्यानंतर गल्लीचं जे झालं ते बाहेरच्याला दिसलं नसतं. दुकानं उघडत होती, मुलं शाळेत जात होती. पण घराबाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर, ज्याला तिथे रोक म्हणतात, संध्याकाळी बसणारी माणसं आता भिंतीला पाठ लावून बसत. गुदामाच्या बाजूनं कुणी चालत नसे. एखाद्या दुकानाची फळी आपटली की बोलणं थांबायचं, आणि मग प्रत्येकजण आपण कुठे थांबलो ते आठवत नसल्यासारखा दुसराच विषय काढायचा. बायकांनी गच्चीवर कपडे वाळत घालणं सोडलं. ट्रामच्या तारेवर ठिणगी उडून आवाज झाला तेव्हा हायकोर्टातला एक वयस्क वकील भर रस्त्यात उकिडवा बसलेला मी पाहिला. नंतर उठून त्यानं धोतर झटकलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. 'तू कुठे होतास' हा प्रश्न मात्र सगळ्यांना सगळ्यांनी विचारून झाला होता, आणि त्या उत्तरांवरून गल्लीचे नकळत दोन भाग पडले. काही अंगानं रांगेत उभे होते. काहींच्या विटा होत्या. विटेवाल्यांना कुणी काही म्हटलं नाही. फणीबाबूंचीही वीटच होती. पण आम्ही जरा हळू बोलायचो आणि कुणी त्या पहाटेचं बोलू लागलं की उठून जायचो. माझ्या मुली चौकात इतर मुलांबरोबर एक खेळ खेळू लागल्या. एकजण जिन्यावर काठी घेऊन बसायचा, बाकीचे ओळीनं उभे, आणि तो ओरडला की पडायचं. थोरली पडत नव्हती. धाकटी तिच्याशी भांडत होती तेव्हा ती म्हणाली, "ज्याची वीट त्यानं पडायचं नाही. बाबांची वीट होती." मी खेळ थांबवला.

दुर्गापूजा आली तेव्हा ढाक वाजवायचे की नाही यावर समितीत बरीच चर्चा झाली. माधवराव म्हणाले, ढोलाशिवाय देवी आणली तर लोक आणखी घाबरतील, ढाकवाल्यांना आधी घरोघर नेऊन वाजवून दाखवू. तसंच केलं. ते स्वतः ढाकवाल्याबरोबर दारोदार गेले, आधी हळू, मग जरा मोठ्यानं. अष्टमीला बीणा मंडपात आली, नवरा गेल्यावर पहिल्यांदा घराबाहेर. कुणी तिच्याकडे बघायचं नाही असं बायकांनी आपापसात ठरवलं होतं आणि त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला की ती हसली. मग ती रेशनच्या रांगेतही येऊ लागली. माधवराव तिच्या पुढे उभे राहात, गुदामाच्या बाजूला. गल्ली हळूहळू उठत होती असं मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

कालीपूजेला यंदा फटाके नकोत असं समितीनं ठरवलं. घरोघर निरोप गेला, आम्हालाही आला. आदल्या संध्याकाळी बंगाली घरांतून चौदा दिवे लावतात ते लागले, आणि माधवराव आमच्याकडे चकल्या खात बसले होते तेव्हा मी विषय काढला. "रात्री नाहीच उडवायचे," मी म्हणालो, "पण आपला पहाटेचा एक शकुनाचा... त्याला कुणी नको म्हटलेलं नाही." माधवराव चकली ठेवून म्हणाले, "अप्पा, यंदा नको." मी म्हणालो, समितीचा ठराव कालीपूजेच्या रात्रीपुरता आहे. माझं खातंच तसं. जे लिहिलेलं नाही त्याला मनाई नाही, अशी आमची समजूत. "ठराव फणीनं लिहिलाय," ते म्हणाले, "त्याला आपली पहाट आठवली नाही, एवढंच. आठवली असती तर तीही लिहिली असती." सुशीला आतून म्हणाली, "भाऊजी सांगतात ते ऐका." मी हो म्हणालो.

का वाजवले, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे आणि जे सापडतं ते फार लहान आहे. परगावी राहणाऱ्या माणसाला आपला सण आपल्यासारखा व्हावा असं वाटतं. मुली जाग्या झाल्या होत्या, त्यांच्या डोक्याला तेल लागलं होतं, आणि थोरलीनं विचारलं, "बाबा, आता आपण पण घाबरायचं का?" मुली दोन म्हणून फटाके दोन. चौकाच्या भिंती उंच आहेत, आवाज बाहेर फारसा जाणार नाही असं मी धरून चाललो. चौकात तो घुमून दुप्पट होतो, हे दरवर्षीचं 'मराठी घड्याळ' ऐकणारा कुणीही मला सांगू शकला असता. आणि सणाची साखर त्याच सकाळी वाटणार होते, रांग अंधारापासून लागली होती, हेही मला माहीत नव्हतं. श्रावणापासून मी रांगेत पाऊल टाकलं नव्हतं, मोलकरीण जायची. उदबत्तीनं मी एक वात पेटवली, मग दुसरी. दोन आवाज झाले, लागोपाठ.

बाहेरून ओरडण्याचा एकही आवाज आला नाही. मी दार किलकिलं करून पाहिलं. अख्खी रांग जमिनीवर पालथी पडली होती, म्हातारे, बायका, सगळे, डोक्यावर हात घेऊन, आणि कुणी हूं का चूं करत नव्हतं. ते पुढच्या दोन आवाजांची वाट पाहात होते... मी दार लावलं.

माधवराव नळाखाली होते. अंगाला उटणं, डोक्याला तेल, तसेच ओल्या पंच्यावर ते चौकात आले, जमिनीवरचे कागदाचे कपटे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडून बाहेर गेले. मी दाराच्या आत, जिन्याखाली उभा होतो. लोक एकेक करून उठत होते. फणीबाबू धावत आले होते, त्यांनी माधवरावांच्या अंगावरचं उटणं पाहिलं आणि त्यांना कळलं. "माधो, तू?" त्यांनी विचारलं. "हो," माधवराव म्हणाले. "आमचा सण असतो पहाटे. चूक झाली." फणीबाबूंनी रस्त्यावर पडलेल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपण जरा आत जा, सोहोनीबाबू. लोकांना उठू द्या." सगळे उठले, बीणा उठली नाही. चौघी बायकांनी तिला उचलून घरी नेलं. ती त्यानंतर घराबाहेर आली नाही.

जिन्याखाली मी माधवरावांना म्हणालो, मी आत्ता बाहेर जातो आणि सांगतो. माझा आवाज मला ऐकू येत होता आणि त्यात जायची तयारी नव्हती, हे त्यांनाही कळलं असावं. "अप्पा," ते म्हणाले, "मी रांगेत होतो. माझ्याकडून ते सोसतील. वीट ठेवून घरी बसलेल्या माणसानं वर फटाके वाजवले, हे त्यांना सोसणार नाही. तुमच्या मुली या गल्लीत राहायच्या आहेत." त्यांचा अंदाज चुकला. गल्लीनं त्यांच्याकडूनही सोसलं नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत, दगड मारले नाहीत. त्यांना रोकवर जागा करून देत, पण बोलणं बदलत. 'तू'चं 'आपण' झालं, माधोदाचं सोहोनीबाबू. पुढच्या पूजेचा पडदा भाड्यानं आणला, त्यावर टोकदार कैलास होता. ते मंडपात गेले, पडद्यापुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, "बघा, शेवटी फणीला हवा तसा मिळाला." मी हसलो. त्या गल्लीत मी एकटाच त्यांच्याशी पूर्वीसारखा बोलू शकत होतो, आणि ते सोपं होतं.

वर्षाच्या आत मी बराकपूरला घर घेतलं. मुलींना मोकळी हवा हवी, असं सगळ्यांना सांगितलं. सियालदहला रोज उतरायचो, पण स्टेशनाच्या त्या बाजूच्या दारानं बाहेर पडायचं टाळायचो. माधवराव मंडळात भेटत, दिवाळीत बराकपूरला येत. आम्ही तिथे फटाके वाजवत नसू, तेही कुणी बोलत नसे. एकदा मात्र प्लॅटफॉर्मवर, ते मला गाडीला बसवायला आले असताना, मी म्हणालो, "मी फणीबाबूंना सांगून टाकतो आता." ते म्हणाले, "आता सांगितलंत तर मी खोटा ठरेन. एकदा फटाके वाजवणारा झालो, मग खोटं बोलणारा होईन. सांगायचं होतं तर त्या पहिल्या वर्षी." मग म्हणाले, "त्यांना माझी सवय झालीय, अप्पा. मलाही त्यांची." गाडी सुटली. मला मोकळं वाटलं हे मी इथे लिहितो आहे, कारण तेवढं एक मी सुशीलेलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला परवानगी दिली अशी मी समजूत करून घेतली, आणि ती मला पुरली.

शेवटची भेट संक्रांतीला मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात झाली. ते खोकत होते, बारीक झाले होते. मंडळातल्या मुलांची मराठी ऐकून ते मजेत होते. एक मुलगा त्यांना म्हणाला, "काका, तीळगूळ घेतो, गोड बोलतो." "म्हणजे सगळं तूच करणार," माधवराव म्हणाले, "मग मी काय करू?" मला माझी गाडी गाठायची होती.

दहन आम्ही मंडळातल्या माणसांनी केलं. त्यांचा पुतण्या नागपूरहून पोहोचणं शक्य नव्हतं, भटजींनी अग्नी कोण देणार म्हणून विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गल्लीतली माणसं आली होती, बरीच आली होती, पण पाहुण्यासारखी बाजूला उभी होती. घरी आल्यावर सुशीलेनं पाणी ठेवलं, मी आंघोळ केली, जेवायला बसलो. वाढता वाढता ती म्हणाली, "आता त्यांना खोटं ठरायची भीती उरली नाही. आता तरी जाऊन सांगा." तिनं याआधी कधी हा विषय काढला नव्हता. मी म्हणालो, आता सांगून त्यांना काय मिळणार? "त्यांना नाही," ती म्हणाली. "त्यांचं नाव त्या लोकांकडे पडलंय. ते परत मागायला कुणीतरी जायला हवं. आणि दुसरं कोण आहे?"

तेराव्यानंतरच्या रविवारी गेलो. मराठी वर्तमानपत्रात हे लिहिणं त्यामानानं सोपं आहे, ते त्या गल्लीत कुणी वाचणार नाही. म्हणून आधी तिथे गेलो. रोकवर फणीबाबू आणि आणखी काहीजण होते. मी उभ्यानंच सांगितलं, बंगालीत, जी मला अजून नीट येत नाही. सांगून झाल्यावर फणीबाबूंनी विचारलं, "तो नळाखाली होता?" मी हो म्हणालो. "म्हणजे मी त्याला विचारलं तेव्हा तुम्ही दारामागे होतात." मी पुन्हा हो म्हणालो. दुसरा एकजण म्हणाला, "आम्ही तुम्हाला माफ केलं नसतं, जोगबाबू." "नसतं केलं," फणीबाबू म्हणाले, "पण आम्ही माधोला तरी कुठे केलं." बऱ्याच वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. मग ते उठून आत गेले आणि बाहेर आले नाहीत. बाकीचेही पांगले. मला कुणी बसायला सांगितलं नाही. ते योग्यच होतं.

बीणाकडे जायचं राहिलं होतं. तिथे त्या दिवशी पाय उचलला नाही, पुढच्या शनिवारी सकाळी गेलो. गल्लीच्या तोंडाशी तेच दुकान, आता स्वस्त धान्याचं, आणि बाहेर रांग. बीणाची खोली दुकानाच्या जवळच, रस्त्याकडे एक खिडकी, तिची एक झडप जेमतेम उघडी. ती चाळिशीची झाली आहे, केस बरेच पिकलेत. शिवणाचं मशीन घेऊन ती खिडकीला पाठ करून बसली होती. मला तिनं ओळखलं. मी सांगू लागलो तसं तिनं मशीन थांबवलं, आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"ते फटाके तुम्ही वाजवायला नको होते," ती म्हणाली. नंतर बराच वेळ ती कापडाची घडी सारखी करत राहिली. "पण मी आवाजानं घरात बसले नाही. माझे यजमान त्या दिवशी वळून बघायला लागले, काय झालं म्हणून. मी खाली पडले. त्यांना ओढलं नाही, एकटीच पडले. नंतर मी स्वतःला सांगितलं, सुचलं नाही, कुणालाच सुचत नाही. मग त्या दिवाळीला माझ्या पुढे नेहमीसारखे माधोदा नव्हते, एक म्हातारी होती, आवाज झाला आणि पुन्हा मी पहिली खाली. तिला ओढलं नाही. तेव्हा मला कळलं मी कशी आहे ते." तिनं घडी बाजूला ठेवली. "हे मी माधोदांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं मी त्या फटाक्यांमुळे बसले. म्हणून ते यायचे. मला त्यांचं येणं हवं होतं."

माधवराव तिथे जात हे मला माहीतच नव्हतं. दर शनिवारी, ती म्हणाली, तिचं कार्ड घेऊन रांगेत उभे राहायचे आणि धान्य आणून ठेवल्यावर या खिडकीशी उभं राहून रांगेत आज कोण कोण आहे ते तिला सांगायचे. कुणी कुठलं लुगडं नेसलंय, कोण कुणाशी भांडतंय, कुणाचं पोर किती वाढलं. ते गेल्यापासून शेजारची मुलगी धान्य आणून देते. धान्याची अडचण नाही, ती म्हणाली.

तिनं मशीनमध्ये दोरा ओवला, पण चाक फिरवलं नाही.

"आज कोण आहे?" तिनं विचारलं.

मी रांगेच्या बाजूनंच आलो होतो आणि एकाही चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. उठून झडप थोडी ढकलली. "शेवटी एक लठ्ठ गृहस्थ आहेत," मी म्हणालो, "छत्री काखेत. त्यांच्या पुढे एक बाई, काठीवाली, तिच्या पुढे दोन मुली, मग एक..."

"थांबा," बीणा म्हणाली. "छत्रीवाले नोनीबाबू. त्यांचा डोळा बरा झाला का बघा. पट्टी होती."

मी पाहिलं. "पट्टी नाही. पण तो डोळा ते मिटूनच ठेवताहेत."

"आणि काठीवाली? चष्मा आहे?"

"आहे."

"म्हणजे हा हिवाळा काढला त्यांनी." तिनं हात मांडीवर ठेवले. "सावकाश सांगा, जोगबाबू. माधोदा एकेका माणसाला वेळ द्यायचे."

मी पुन्हा रांगेच्या शेवटापासून सुरुवात केली.